बधिर पाय का उसळतो?

मूत्राशयातील गाठ पोट न उघडता काढता येते, हे आज आपल्याला नवल वाटत नाही. पण त्यासाठी दोन शोध लागावे लागले. १८७७ मध्ये जर्मनीत मॅक्स निट्झे यांनी मूत्रमार्गातून आत पाहण्याची दुर्बीण बनवली. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यांनी त्याच वाटेने उच्च वारंवारितेचा विद्युतप्रवाह नेऊन गाठी जाळून दाखवल्या. पुढे तारेच्या फाशाने गाठ खरवडून काढणारी उपकरणे आली.

मग भूल कोणती द्यावी? कील येथे ऑगस्ट बीर यांनी १८९८ मध्ये पाठीच्या कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर केला होता. या पद्धतीत रुग्ण जागा असतो, स्वतः श्वास घेतो. वयस्कर, दमेकरी रुग्णांना ती सोयीची पडते.

पण कधीकधी वेदना जराही नसताना रुग्णाची मांडी एकाएकी जोरात आत ओढली जाते. त्या धक्क्याने फासा मूत्राशयाच्या भिंतीतून आरपार जाऊ शकतो. मग रक्तस्राव होतो, गाठीच्या पेशी बाहेर सांडण्याचीही भीती असते.

असे का व्हावे? याचे उत्तर गॅल्व्हानींच्या बेडकात आहे. त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मेंदूशी संबंध तुटलेल्या पायाच्या मज्जातंतूला विजेने चेतवले की तो पाय झटका देई. मांडीचे स्नायू आत ओढणारा ऑब्च्युरेटर मज्जातंतू मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीजवळून जातो. कण्यातील भूल या तंतूला त्याच्या मुळाशी अडवते. वीज मात्र त्याला त्याच्या पुढे, वाटेतच गाठते.

म्हणून अडवणूकही आणखी पुढे करावी लागते. एक उपाय म्हणजे मांडीच्या वरच्या भागात त्याच मज्जातंतूभोवती बधिर करणारे औषध टोचणे. दुसरा उपाय म्हणजे पूर्ण भूल आणि सोबत स्नायू शिथिल करणारे औषध. अशा औषधांपैकी क्युरारे माँट्रियलमध्ये ग्रिफिथ व जॉन्सन यांनी १९४२ मध्ये भुलेसोबत वापरले. ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच संदेश रोखते.

कण्यातील भुलेनंतर गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी असते, असे जुन्या नोंदींवरील काही अभ्यासांत दिसले आहे. पण दोन्ही गटांतील रुग्ण मुळातच सारखे होते का, हे आधी पाहायला हवे. भूल निवडताना रुग्णाचे हृदय, फुप्फुसे आणि गाठीची जागा यांचाच विचार प्रथम होतो.

वर्गात फळ्यावर मज्जारज्जू, मज्जातंतू आणि स्नायू अशी एक रेघ काढून, वीज नेमकी कुठे शिरते आणि संदेश कुठे अडवावा, हे मुलांनाच विचारून पाहू या.