दुरुस्ती कुणाची, कुणासाठी?

'दुरुस्ती' हा आपल्याकडचा फार साळसूद शब्द आहे. नळ गळतो, कौलं फुटतात, घड्याळ मागे पडतं, की दुरुस्ती करायची. म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते ठीकठाक करायचं असतं. घटनादुरुस्तीबद्दलही साधारण असंच शिकवलं जातं. नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांत तेवढंच मावतं म्हणा!

आपल्या राज्यघटनेला आजवर शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यातल्या १९७५ ते १९७९ या काळातल्या दुरुस्त्या मी अधूनमधून ओळीने वाचतो. दर वेळी एकच प्रश्न पडतो. बिघाड नक्की कुठे होता?

३९वी दुरुस्ती घ्या. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द केली. २५ जूनच्या रात्री आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही झाली. इंदिराजींचं अपील सुप्रीम कोर्टात ११ ऑगस्टला सुनावणीला यायचं होतं. ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ला राज्यसभेत ही दुरुस्ती मंजूर झाली. लगोलग हव्या तेवढ्या राज्यांच्या विधानसभांची मान्यताही उरकली, आणि १०ला, रविवारी, राष्ट्रपतींची सही. आता पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच देता येणार नव्हतं. एवढंच नाही, तर आधी लागलेला निकालही निरर्थक ठरवला होता. आपल्याकडे रस्त्यावरचा खड्डा बुजवायला किती वेळ लागतो ते आठवा, आणि इथे चार दिवसांत घटना बदलली! नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पंतप्रधानांच्या निवडणुकीबद्दलचं ते कलम रद्द केलं. पण मधल्या काळात निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदललेला होता, त्यामुळे इंदिराजींची निवड कायम राहिली.

मग आली ४२वी, १९७६ची. ५९ कलमांची ही दुरुस्ती 'छोटी राज्यघटना' म्हणूनच ओळखली जाते. उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द तिनेच आणले. लोकांना तिच्यातलं तेवढंच लक्षात असतं. पण त्याच दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षं केली. मार्च १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत आधीच वेगळ्या कायद्याने वाढवून झाली होती. म्हणजे ज्या मतदाराने पाच वर्षांसाठी निवडून दिलं, त्याला न विचारता आपला मुक्काम वाढवायचा. पाहुण्यानेच घरमालकाला सांगावं तसं. शिवाय घटनेत यापुढे केलेल्या कोणत्याही बदलाला कोर्टात आव्हान देता येणार नाही, हेही लिहून टाकलं.

या दोन दुरुस्त्यांच्या मधे एक निकाल आहे, आणि तो दुरुस्तीविना लागला आहे. 'मिसा'खाली हजारो माणसं तुरुंगात होती. कैद बेकायदा आहे म्हणून कोर्टात जाता येईल का, एवढाच प्रश्न होता. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं, तर दाद मागता येईल? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूने लागला. विरोधात एकटे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांमध्ये पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मार्च १९७७ मध्ये मतदारांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. नव्या सरकारात कायदामंत्री झाले शांतिभूषण, अलाहाबादच्या खटल्यातले राजनारायण यांचे वकील. ४३वी आणि ४४वी दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतल्या. त्यातली ४४वी मला सगळ्यात मोलाची वाटते.

तिने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' हे कुठल्याही मापाला बसणारं कारण होतं, ते काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. १९७५ मध्ये राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. संसदेची मान्यता महिन्याभरात हवी, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. खन्नांच्या प्रश्नाला घटनेने दोन वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे असं मला वाटतं.

लक्षात घ्या, हे सत्तेत असलेल्यांनी केलं. स्वतःच्या हातातली काठी स्वतःच आखूड केली. हाच माझा दुरुस्ती ओळखायचा निकष आहे. करणाऱ्याचे हात मोकळे झाले की बांधले गेले, ते पाहायचं. उद्देशिकेतले शब्द आणि भाषणं नंतर.

पण इथेच एक मेख आहे. ४४व्या दुरुस्तीची कलमं कधी लागू होतील ती तारीख केंद्र सरकारने ठरवायची, अशी तरतूद दुरुस्तीतच होती. बहुतेक कलमं १९७९ मध्ये लागू झाली. कलम ३ राहिलं. ते प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल आहे, म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच आत टाकण्याबद्दल. आज सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना तीन महिने डांबता येतं, ते दोन महिन्यांवर येणार होतं. या मंडळावर आज न्यायाधीश होण्याची नुसती पात्रता असलेला माणूसही चालतो. त्याऐवजी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने विद्यमान न्यायमूर्ती अध्यक्ष आणि आजी-माजी न्यायमूर्ती सदस्य, अशी रचना होणार होती.

१९८१ मध्ये हा मुद्दा सुप्रीम कोर्टात गेला. सरन्यायाधीश होते चंद्रचूड. वर्षभर आधीच त्यांनी मिनर्व्हा मिल्सच्या निकालात ४२व्या दुरुस्तीतलं कोर्टाचे हात बांधणारं कलम रद्द केलं होतं. पण इथे बहुमताने ठरलं, की कलम लागू करा असा आदेश कोर्ट सरकारला देऊ शकत नाही. पुढे २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात १९७६चा तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला गेला. ते लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. मुलाने वडिलांचा निकाल पुसला, ही बातमी सगळीकडे छापून आली. कलम ३ मात्र कुणाच्या बातमीत नव्हतं.

ते अजूनही लागू झालेलं नाही. जनता सरकार पडलं, त्यानंतर जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाने दिल्लीत एकदा तरी सत्तेत वाटा घेतला. आणीबाणीत स्वतः तुरुंगात गेलेले लोक पंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. संसदेने मंजूर केलेल्या, राष्ट्रपतींनी सही केलेल्या त्या कलमापुढे फक्त एक तारीख लिहायची आहे. ४२वीच्या वेळी घाई कशाची होती ते कळतं, तसंच ही दिरंगाई कशाची आहे तेही कळतं. काठी आखूड करायचा ठराव सगळ्यांना मान्य असतो, पण करवत कुणी उचलायची?