रूटमास्टर

लंडन शहरात १९५६ ते २००५ या काळात नियमित सेवेत असलेली दुमजली बस. सहसा कारखाना बस बनवतो आणि परिवहन संस्था ती विकत घेते. रूटमास्टरचा आराखडा मात्र बस चालवणाऱ्या संस्थेनेच, म्हणजे लंडन ट्रान्स्पोर्टने, स्वतःच्या गरजेप्रमाणे केला. बांधणी एईसी आणि पार्क रॉयल या कंपन्यांकडे होती. तिचे गुणदोष या घरच्या आराखड्यातूनच आले.

दुसऱ्या महायुद्धात लंडन ट्रान्स्पोर्टने हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानांच्या निर्मितीत भाग घेतला होता. अॅल्युमिनियमच्या हलक्या बांधणीचा तो अनुभव बससाठी उपयोगी पडला. ए. ए. एम. ड्युरंट यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी जड, स्वतंत्र चासी काढूनच टाकली. इंजिन व पुढची चाके एका उपचौकटीवर, मागचा आस दुसरीवर आणि दोन्ही जोडणारी बसची काया, अशी ही रचना होती. त्यामुळे आधीच्या आरटी बसमधील ५६ आसनांऐवजी येथे ६४ आसने बसली, तरी वजन सुमारे पाऊण टनाने घटले. पॉवर स्टिअरिंग, स्वयंचलित गिअर आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन या सोयी त्या काळच्या बसमध्ये नवलाच्या होत्या. बाह्यरूप आणि अंतर्भाग डग्लस स्कॉट यांनी घडवला.

पहिला नमुना, आरएम १, १९५४ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडला गेला आणि ८ फेब्रुवारी १९५६ रोजी मार्ग क्र. २ वर धावू लागला. त्याचा रेडिएटर सुरुवातीला बसच्या तळाखाली होता; तो पुढे नेहमीच्या जागी, समोर आणावा लागला. एकूण चार नमुन्यांवर चाचण्या झाल्या. हे नमुने धरून १९६८ पर्यंत एकूण २,८७६ बस तयार झाल्या. त्यांचे पहिले मोठे काम लंडनच्या ट्रॉलीबसची जागा घेण्याचे होते. शेवटची ट्रॉलीबस मे १९६२ मध्ये बंद झाली. पुढे लांबी वाढवून ७२ आसनांचा आरएमएल प्रकारही निघाला.

दुरुस्तीची सोय आराखड्यातच धरलेली होती. ऑल्डनहॅम येथील कार्यशाळेत काया उतरवून दुसऱ्या उपचौकटींवर चढवली जाई. त्यामुळे आत गेलेल्या क्रमांकाची बस बाहेर येताना बऱ्याचदा वेगळ्याच भागांची असे.

लंडनबाहेर मात्र तिला गिऱ्हाइके फारशी मिळाली नाहीत. मागचे उघडे पायदान आणि तिकिटासाठी कंडक्टर हेच तिचे वैशिष्ट्य होते, आणि नेमकी तीच रचना मागे पडत होती. १९५८ पासून लेलँडची मागे इंजिन व पुढे दार असलेली अॅटलांटियन बाजारात होती. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये दुमजली बसही एकट्या चालकाने चालवण्यास परवानगी मिळाली. उत्तम बस उशिरा आली, असेच म्हणावे लागते.

तरीही चालत्या बसमध्ये चढण्या-उतरण्याच्या सोयीमुळे ती मध्य लंडनमध्ये टिकली. अनेक गाड्यांना नवी इंजिने बसवून त्यांचे आयुष्य वाढवले गेले. व्हीलचेअरवरील प्रवाशांना मात्र तिच्यात प्रवेश शक्य नव्हता. याही कारणाने अखेर ९ डिसेंबर २००५ रोजी मार्ग क्र. १५९ वर तिची नियमित सेवा संपली. त्यानंतर काही गाड्या वारसा-मार्गांवर धावत राहिल्या. टॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने रूप दिलेली ‘न्यू रूटमास्टर’ २०१२ मध्ये सेवेत आली. तिला मागचे पायदान परत मिळाले, पण दार बसवूनच.