बचाव बोटीचे इंजिन भरप्रवाहात का बंद पडते?
इंधनमार्गातील अडथळा कसा ओळखावा

चंद्रपूर, (प्रतिनिधी) : वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांनी वेढलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांना पूर नवा नाही. पर्लकोटेच्या पुरात पूल बुडून भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली गेली, तर जुलै २०२२ मध्ये सिरोंचा परिसराला प्राणहिता-गोदावरीच्या पुराचा मोठा फटका बसला. अशा वेळी बचावपथकाची भिस्त असते ती बोटीच्या मागे बसविलेल्या आउटबोर्ड मोटरवर, म्हणजेच पथकांच्या भाषेतील 'ओबीएम'वर.

काठावर सुरळीत चालणारे हे इंजिन भरप्रवाहात अचानक बंद पडले, तर त्याचे कारण बरेचदा इंजिनात नसून त्याच्यापर्यंत पेट्रोल पोहोचविणाऱ्या मार्गात असते. हा दोष मंद गतीत लपून राहतो, कारण तेव्हा इंजिनाला पेट्रोल थोडेच लागते. पूर्ण वेग देताच मागणी वाढते, पुरवठा अपुरा पडतो आणि काही मिनिटांत इंजिन धापा टाकत थांबते. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होते, त्यामुळे दोष गेला असा गैरसमज होतो.

झाकणापासून सुरुवात

सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी लहान स्क्रू असतो. वाहतुकीत तो बंद ठेवतात. मात्र इंजिन चालविताना तो उघडण्याचे राहून गेल्यास टाकीत निर्वात स्थिती निर्माण होते व पेट्रोल ओढले जात नाही. हा स्क्रू सैल करताच आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर कारण सापडले असे समजावे. नळीवर सामान, पाय किंवा टाकीच आली आहे काय, तेही त्याच वेळी पाहावे.

बल्ब काय सांगतो?

टाकी आणि इंजिन यांच्यामधील नळीवर हाताने दाबायचा रबरी बल्ब असतो. त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने असावा लागतो. वेगात चालणारे इंजिन मंदावू लागताच हा बल्ब तपासावा.

बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीतील शोषनळीची जाळी आणि बल्बपर्यंतची नळी पाहावी.

बल्ब घट्ट असूनही इंजिन उपाशी असेल, तर अडथळा पुढे आहे. इंजिनाकडील नळी व तिचा जोड, फिल्टर, इंधन पंप आणि कार्ब्युरेटर क्रमाने तपासावेत.

बल्ब कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर जोडातून हवा शिरत असावी, बल्बमधील झडप निकामी असावी किंवा पुढे पेट्रोल गळत असावे.

बल्ब सतत दाबत राहिल्यास इंजिन चालते, सोडल्यास मंदावते, असे असेल तर इंधन पंपाचा पडदा किंवा पंपाच्या मागचा अडथळा यांवर संशय घ्यावा. काठापर्यंत पोहोचण्यापुरता हा तात्पुरता उपायही ठरतो.

शंका फेडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चांगली ठरलेली दुसरी टाकी व नळी जोडून बोट पूर्ण वेगात चालविणे. दोष नाहीसा झाला, तर इंजिन उघडण्याची गरज नाही.

नळी आणि पेट्रोल

जुन्या नळीचे आतील अस्तर सुटून झडपेसारखे आडवे येते. बाहेरून मात्र नळी धडधाकट दिसते. त्यातच २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचते, आणि शोषनळी नेमकी तेथूनच पेट्रोल उचलते. पावसाळा संपल्यावर कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटची बारीक छिद्रे बुजवितो. ही सफाई मात्र जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

दुर्लक्ष महागात पडते

पेट्रोलमध्येच वंगण तेल मिसळलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. तशा स्थितीत वेग रेटल्यास पिस्टन जाम होऊ शकतो, आणि मग नदीत दुरुस्ती शक्य नसते. तपासणीच्या वेळी इंजिन थंड असावे, जवळपास आग वा विडी-सिगारेट नसावी. सुटी टाकी बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावी.

मोसम संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. मे महिन्यात ताजे पेट्रोल भरून फिल्टर बदलावा, नळी तपासावी. पावसाळ्यापूर्वीच्या रंगीत तालमीत इंजिन केवळ सुरू करून पाहणे पुरेसे नाही. पूर्ण भार घेऊन, पूर्ण वेगात किमान पंधरा-वीस मिनिटे बोट पाण्यात चालवावी. लपलेला दोष तेथे उघड झाला, तर तो काठावर दुरुस्त होतो. तोच पुराच्या रात्री उघड झाला, तर बोटीतील साऱ्यांचाच जीव धोक्यात येतो.