आजीचा वेतोबा आणि इंद्रजालचा वेताळ

१/
१९८४ सालची मे महिन्याची सुट्टी. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात मी जमिनीवर पालथा पडून 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचत होतो. आजी तांदूळ निवडत बसली होती. तिने मुखपृष्ठावरचा मुखवटाधारी पुरुष पाहिला, नाव विचारले. मी म्हणालो, "वेताळ." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो खंयचो वेताळ रे? आमचो वेतोबा असले कपडे घालणा नाय."

आजचा हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रारंभीच सांगतो, मी कॉमिक्सचा संग्राहक नाही की अभ्यासक नाही. हाती आले ते वाचले, परत केले आणि विसरलो, असा सामान्य वाचक. परंतु इतिहासाची गोडी लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या डोळ्यांसमोर येणारा भूतकाळ पाठ्यपुस्तकातून आलेला नव्हता. तो रंगीत चौकटींतून आला होता. त्या चौकटी कोणी आखल्या आणि कशासाठी, हे पाहणे म्हणूनच आवश्यक वाटले.

३/
प्रथम वेताळाची जन्मकथा. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम' वृत्तपत्रांतून वाचकांपुढे आणला. १९४० च्या दशकात हा फँटम 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'च्या पानांवर भारतात पोहोचला. मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने, 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. इंग्रजीबरोबरच मराठी, हिंदी आणि अन्य भारतीय भाषांतूनही ते निघू लागले. मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला.

४/
आता या कथेतला इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा तपशील. मूळ कथेत फँटमचे अरण्य 'बेंगाली' नावाच्या प्रदेशात होते. पुढे ते 'बांगाल्ला' होऊन आफ्रिकेत सरकले. भारतीय आवृत्तीत त्याचे 'डेंकाली' करण्यात आले. मूळ कथेतील दुष्ट चाचे 'सिंग' टोळीचे होते. येथे ते 'सिंगा' झाले. एकविसाव्या फँटमच्या पित्याचा मारेकरी मूळात 'रामा' होता. येथे तो 'रामालु' झाला.

५/
हे तीन बदल लहान दिसतात. पण ते करणाऱ्या संपादकाची अडचण डोळ्यांसमोर आणा. परदेशी लेखकाने पौर्वात्य वाटतील अशी नावे सहज उचलून खलनायकांना चिकटवली होती. ती कथा आता त्याच नावांच्या लोकांच्या मुलांना विकायची होती. संपादकाने नावे पुसली. कथा मात्र तशीच ठेवली. १५३६ साली किनाऱ्याला लागलेला एक गोरा तरुण, त्याला वाचवणारे अरण्यवासी, आणि मग एकवीस पिढ्या त्याच घराण्याची त्या अरण्यावर सत्ता! लहानपणी मला ही रचना खटकली नाही. चाळिशीत पुन्हा वाचताना दुसऱ्याच पानावर खटकली.

६/
मग तो आपलासा का वाटला? याचे एक उत्तर मला आजीच्या प्रश्नात सापडते. आमचे मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यातले. त्याच तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करीत हिंडतो आणि म्हणून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. फँटमचे मूळ बिरुद काय? चालणारे भूत! मरण नसलेला, रात्री हिंडणारा, दुर्बळांची राखण करणारा.

७/
अनुवादकाच्या मनात आरवली होती, असा माझा दावा नाही. 'चांदोबा'च्या वाचकांना विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ परिचित होताच. नाव तेथूनही सुचले असेल. परंतु शब्द घरात शिरला की तो घरातल्या आठवणींना जाऊन भिडतो. गिरणगावातून आणि कोकणातून मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत येऊन वसलेल्या कुटुंबांत 'वेताळ' हा शब्द रिकामा नव्हता. न्यूयॉर्कहून निघालेला नायक आमच्या खोलीत आला तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच तयार होती.

८/
ही पुस्तके आम्ही विकत घेत नसू, हेही सांगायला हवे. स्टेशनावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर ती टांगलेली दिसत; तेथे केवळ मुखपृष्ठे पाहायची. वाचायची ती भाड्याने. जिन्याखालच्या एका अरुंद दुकानात दोरीवर कॉमिक्स लटकत. चार आण्यांत एक दिवस. एका दिवसात ते पुस्तक आमच्या मजल्यावरची पाच-सहा मुले वाचून काढत, आणि पान फाटले तर दंडाची वर्गणी निघे. 'आवृत्ती किती प्रतींची' या आकड्यावरून 'वाचक किती' हे काढता येत नाही, हा धडा मी तेथे शिकलो.

९/
इंद्रजालचा जो नायक मला खरोखर शेजारचा वाटला तो बहादूर. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो निर्माण केला; चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या कारवाईत बाप मारला गेला त्यानेच त्याला वाढवले. भगवा कुर्ता आणि जीन्स हा त्याचा वेष. गावकऱ्यांना संघटित करून तो नागरिक सुरक्षा दल उभारतो. मुखवटा नाही, अरण्यातले सिंहासन नाही. बहादूर एकटा जिंकत नाही, हे मला तेव्हाही जाणवले होते. त्याचे मोल आता कळते.

१०/
सुरती पुढे आमच्याच उपनगरी रेल्वेवर, दहिसरच्या पलीकडे मीरा रोडला राहू लागले. २००७ मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केले. रविवारी प्लंबरला सोबत घेऊन इमारतींतले गळके नळ फुकट दुरुस्त करायचे, एवढेच काम. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि भरूनही आले. बहादूरचा निर्माता उतारवयात स्वतःच नागरिक दल होऊन दारोदार फिरत होता.

११/
आता दुसरा प्रवाह: अमर चित्र कथा. अनंत पै हे कारकळचे. टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या प्रारंभाशी त्यांचा संबंध आला. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग ते पुढे अनेकदा सांगत. त्याच वर्षी इंडिया बुक हाऊसतर्फे ही मालिका सुरू झाली. पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. ११ वा अंक 'कृष्ण', चित्रकार राम वाईरकर.

१२/
चित्रकारांची नावे सावकाश वाचा. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, प्रदीप साठे, वसंत हळबे. १९८० मध्ये पै यांनी 'टिंकल' सुरू केले. त्यातील सुप्पंडीला रूप दिले वाईरकरांनी, शिकारी शंभूला हळबे यांनी आणि कालिया कावळ्याला साठे यांनी. देशभरातील इंग्रजी शाळांतील मुले ज्या चित्रांवर वाढली त्यांच्यामागे मराठी हातांची एक पिढी होती. हीच संस्था पुढे अंधेरी पूर्वेला मरोळला आली. तो रस्ता मी नोकरीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे तुडवला. शंभूचा पत्ता तोच आहे, हे मला फार उशिरा कळले.

१३/
येथे मात्र मला एक अप्रिय आठवण सांगायची आहे. या चित्रकथांत देव आणि राजपुत्र बहुधा उजळ कांतीचे, असुर काळे अथवा राखी, दणकट, सुळे असलेले. अनेक अभ्यासकांनी यावर बोट ठेवले आहे. मी सावळा. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षसाचे काम मला मिळाले. मी रडलो नाही, तक्रारही केली नाही. मला ते योग्यच वाटले, कारण पुस्तकात तसेच होते.

१४/
या आठवणीपुढे मी अजूनही थबकतो. चित्रकाराच्या मनात दुष्टावा नव्हता. कॅलेंडरवरची चित्रे, रंगभूमी, चित्रपट यांतून आलेली रूढीच त्याने वापरली होती. परंतु मजकुरावर वाद घालता येतो. चित्र मात्र वाद सुरू होण्याआधीच डोळ्यांत जाऊन बसते. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी मुले म्हणाली, "हे तर पाहिलेले आहे!" खरोखर पाहिलेलेच होते: मुकुट, धनुष्य, कांतीचा रंग, सगळे.

१५/
याच मालिकेत १९७९ साली बाबासाहेब आंबेडकरांवरील अंक निघाला. चित्रे दिलीप कदम यांची. त्यातली मांडणी इतर महापुरुषांसारखीच: बालपण, अपमान, जिद्द, यश. २०११ मध्ये 'नवयान'ने 'भीमायन' हे चित्र-कादंबरीच्या जातीचे पुस्तक काढले. परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी त्यात चौकटच मोडली. सौम्य बोलणाऱ्यांचे संवाद पक्ष्याच्या आकारात, जातीचा डंख असलेले शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. गॅदरिंगच्या आधी मला जे शब्द ऐकावे लागले होते त्यांचा आकार मला प्रथमच दिसला.

१६/
त्या पुस्तकात बालभीम वडिलांना भेटायला गोरेगावला निघतो. १९०१ सालची गोष्ट. मसूर स्टेशनावर उतरल्यावर या मुलांची जात कळताच गाडीवान त्यांना बसवून घ्यायला तयार होत नाहीत. मी उपनगरी माणूस. 'गोरेगाव' वाचताच जोगेश्वरी आणि मालाड यांच्यामधले स्टेशन डोळ्यांसमोर आले. हे गोरेगाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातले आहे. चूक माझी होती, पण तिच्यामुळे एक प्रश्न मनात राहिला: माझ्या गोरेगावच्या फलाटावर त्या वर्षी त्या मुलांना कसे वागवले गेले असते?

१७/
१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. तोवर ८०० हून अधिक अंक निघाले होते. भाड्याच्या दुकानात आधी व्हिडिओ कॅसेटी आल्या, मग मोबाइलचे रिचार्ज. दोरीवरची कॉमिक्स रद्दीच्या तराजूत गेली. सार्वजनिक वाचनालयांनी त्यांना जपण्याजोगी पुस्तके क्वचितच मानले. आमच्या घरातला गठ्ठाही १९९३ च्या दिवाळीपूर्व साफसफाईत किलोच्या भावाने गेला, आणि तो खाली नेऊन देणारा मीच होतो.

१८/
म्हणून मित्रहो, एक विनंती. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कोठेही असा. माळ्यावरच्या ट्रंकेत अशी मराठी चित्रकथा सापडली तर ती टाकण्यापूर्वी उघडा. प्रकाशनाची तारीख, किंमत, अनुवादकाचे वा चित्रकाराचे नाव छापलेले असल्यास त्या पानाचे छायाचित्र घ्या. जाहिराती पाहा. समासात कोणी पेन्सिलीने नाव लिहिले आहे का, तेही पाहा. त्या काळी कोणाला काय स्वाभाविक वाटत होते, याचा असा पुरावा दरबारी कागदांत मिळत नाही.

१९/
आणि घरात वडीलधारे माणूस असेल तर ते पान त्यांच्यापुढे ठेवून काय दिसते ते विचारा. आजी १९९१ मध्ये गेली. त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "आजी, हा इंग्रजी वेताळ आहे." तिने पुस्तक हातात घेतले, चित्रातल्या वेताळाचे पाय निरखले आणि म्हणाली, "मगे बूट झिजले कसे नाय ह्येचे?"

मला तेव्हा उत्तर आले नाही. आज सुचते ते एवढेच की ते बूट मुलांसाठी काढले होते आणि त्या मुलांना झीज दाखवायची नव्हती. ती शोधणे आता आपल्याकडे आले आहे.