वाडा, दरवाजा आणि ‘जीर्णोद्धार’

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे गाव अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. येथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची तीनशे वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने चौंडीच्या दुरुस्त केलेल्या गढीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली, हे स्वाभाविकच होय. परंतु दरवाज्यातून आत शिरणाऱ्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो व त्याचे उत्तर वास्तू स्वतःहून देत नाही. समोर दिसणारे अठराव्या शतकातील किती आणि आजचे किती?

या प्रश्नाचा उगम जसा बांधकामात आहे, तसाच तो भाषेतही आहे. मराठेशाहीतील वाड्याची रचना सर्वसाधारणपणे ठरलेली असे. जोते घडीव दगडाचे, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, आणि मध्ये चौक. ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे आवार किंवा कुंपण यापासून आलेला आहे. घरापेक्षा आवाराची कल्पना त्यात मूळची. आवार म्हटले की प्रवेशाला महत्त्व येते, आणि वाड्याचा मान त्याच्या दरवाज्यावरून ठरू लागतो. दरवाज्याच्या परिसरात भाषांचाही संगम आढळतो. ‘दरवाजा’ फारसी आहे. ‘नगारखाना’ यातील पहिला अवयव अरबी ‘नक्कारा’ व दुसरा फारसी ‘खाना’ हा होय. मोठ्या कवाडातील लहान दाराला आपण ‘दिंडी’ म्हणतो, त्याच्याशी कन्नडमधील ‘दिड्डि’ हा शब्द जुळतो. ‘उंबरठा’ मात्र संस्कृत ‘उदुंबर’ या शब्दाच्या कुळातला.

ही रचना काळाच्या आघातापुढे सर्वत्र सारखी टिकत नाही. लाकूड जळते, माती विरघळते आणि दगड राहतो. पुण्याचा शनिवारवाडा हे याचे ठळक उदाहरण होय. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तट, नगारखान्यासह दिल्ली दरवाजा आणि आतील जोती तेवढी उरली. पुढे त्या जोत्यांवर नवा वाडा कोणी उभारला नाही. परिणामी आज तेथे दरवाज्याची भव्यता आणि आतील रिकामेपणा यांतील विरोध स्पष्ट जाणवतो. जे गेले ते गेले, हे पाहणाऱ्यास कळते.

इंदूरच्या होळकर राजवाड्याची कथा याहून निराळी आहे. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. १८०१ साली शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदुरावर स्वारी केली, तेव्हा तो जाळण्यात आला; १८११ ते १८३३ या काळात तात्या जोगांच्या देखरेखीखाली तो पुन्हा उभा राहिला. १९०८ मध्ये त्याच्या एका भागास आग लागली, आणि १९८४ च्या दंगलीत मागील भागाचा बहुतेक नाश झाला. सात मजली दर्शनी दरवाजा मात्र वाचला. त्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. म्हणजे केवळ दगड टिकतो हा नियमही येथे पुरा पडत नाही. २००६–०७ मध्ये उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने मागील भाग पूर्वीच्या धर्तीवर पुन्हा बांधण्यात आला. आज जुन्या दरवाज्यातून नव्या वाड्यात प्रवेश होतो, आणि ठाऊक नसलेल्या माणसास दोहोंतील सीमारेषा सहज उमगत नाही.

पुण्यात अवशेष राखले गेले, इंदुरात पुनर्बांधणी झाली, चौंडीत दुरुस्ती झाली. ही तीन कामे भिन्न प्रकारची आहेत; तथापि भाषणांत, बातम्यांत आणि अनेकदा अभ्यासग्रंथांतही दुसऱ्या व तिसऱ्या कामास ‘जीर्णोद्धार’ हेच एक नाव मिळते. या शब्दाचा मूळ संदर्भ धार्मिक आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीनुसार भग्न मूर्तीचे विसर्जन करून त्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची नवी मूर्ती स्थापन करावयाची असते. तेथे उद्धार होतो तो देवत्वाचा, पाषाणाचा नव्हे. अहिल्याबाईंचे कार्यही याच अर्थाने जीर्णोद्धाराचे होते. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी मूळ स्थानाजवळ नव्याने बांधविले. सोमनाथ येथेही जुन्या अवशेषांपासून थोड्या अंतरावर नवे मंदिर उभारले. जुने दगड राखणे हा त्यांचा हेतू नव्हता. खंडित झालेली पूजा पुन्हा चालू करणे हा होता, आणि त्या दृष्टीने तो शब्द सर्वथा योग्य ठरतो.

वाडा ही मात्र पूजेची वस्तू नसून इतिहासाचे साधन आहे. साधनाच्या बाबतीत मूळ द्रव्यालाच प्रमाणाचे मोल असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने याच कारणास्तव असा दंडक घातला की, नव्याने घातलेला भाग एकूण रचनेशी सुसंवादी असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. मराठीला हा भेद व्यक्त करण्यासाठी परकीय शब्दांची गरज नाही. संस्कृत ‘यत्न’पासून आलेला ‘जतन’ हा शब्द आहे त्या स्थितीत राखण्यास पुरेसा आहे. किरकोळ कामास ‘डागडुजी’ आहे. बिघडलेले ठीक करण्यास फारसीतून आलेली ‘दुरुस्ती’ आहे. आणि नष्ट झालेले पुन्हा उभे करण्यास ‘पुनर्बांधणी’ आहे. उणीव आहे ती शब्दांची नव्हे, ते नेमकेपणाने वापरण्याच्या सवयीची.

ही चिकित्सा केवळ शाब्दिक नाही. नव्या तुळईचे माप घेऊन अठराव्या शतकातील सुतारकामाविषयी निष्कर्ष काढला गेला, तर तो प्रबंधात शिरतो, प्रबंधातून पाठ्यपुस्तकात जातो, आणि मग खोडणे दुष्कर होते. याउलट पुनर्बांधणीची नोंद स्वच्छ असेल, तर नवा वाडाही अभ्यासास उपयुक्त ठरतो. एकविसाव्या शतकाने आपल्या भूतकाळाची कल्पना कशी केली, याचा तो पुरावा होय. यासाठी फार मोठा खटाटोप नको. कोणता भाग मूळचा, कोणता दुरुस्त केलेला, कोणता नवा आणि प्रत्येक काम कोणत्या वर्षीचे, एवढे दरवाज्यापाशी मराठीत लिहिलेले असावे. नगारखान्यातील चौघडा पूर्वी आत कोण राहते याची वर्दी देत असे. आत जे उभे आहे ते कोणत्या काळचे, याची वर्दी देणे हे आता तेथील फलकाचे काम आहे.