नातेवाचक शब्द आणि दांपत्याचा गोतावळा : कुर्डुवाडीच्या निमित्ताने

विवाहानंतर दांपत्याचा गोतावळा कोणत्या सूत्राने बांधला जातो, या प्रश्नाचा विचार एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधील वीस कुटुंबांच्या आधारे १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. दांपत्याचे आप्तस्नेही परस्परांसही ओळखत असतील, तर पतीची व पत्नीची कामे वेगळी राहतात. गोतावळा विरळ असेल, तर व्यवहार सामाईक होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्थलांतराने गोतावळा विरळ होतो, हेही त्यात गृहीत आहे.

या गृहीताच्या कसोटीस माढा तालुक्यातील कुर्डुवाडी योग्य ठरते. येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे ती पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथवर पोहोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. जंक्शन व रेल्वेचा कारखाना यांमुळे वडिलोपार्जित शेतीपासून दूर, वेतनावर चालणारी बिऱ्हाडे येथे वसली. मात्र ज्या गाडीने माणूस दूर नेला, तीच लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोहोचवू शकत होती. अंतर वाढले, म्हणून नाते तुटलेच असे नव्हे.

याहून महत्त्वाची बाब भाषेत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली महाराष्ट्राची गणना उत्तर व दक्षिण यांमधील मध्यवर्ती विभागात केली. येथील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह इष्ट, तर आतेबहिणीशी सहसा अनिष्ट मानला गेला. अशा विवाहात वधूची सासू तिची आत्याच असते. ‘आत्याबाई’ या संबोधनाची संगती येथे सरळ लागते. सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणण्याची संगती मात्र तेवढ्याने लागत नाही. दोन घरांत साटेलोटे होऊन लेकींची देवघेव झाली असेल, तरच आत्याचे यजमान मामाही ठरतात. शिवाय परक्या घरी गेलेली सूनही हेच शब्द वापरते. म्हणून शब्दावरून प्रत्यक्ष विवाहाचे प्रमाण काढणे धोक्याचे आहे. शब्द देतो तो नात्याचा आदर्श.

तथापि त्या आदर्शाचे मोल मोठे आहे. बॉट यांच्या मांडणीत पती व पत्नी आपापले गोतावळे घेऊन एकत्र येतात. मामेबहिणीशी झालेल्या विवाहात त्या गोतावळ्यांचा बराच भाग आधीच सामाईक असतो. तेव्हा रेल्वेच्या बिऱ्हाडांचा इतिहास लिहिताना घर गावापासून किती कोस दूर गेले, एवढेच मोजून भागणार नाही. सासर व माहेर लग्नापूर्वीच एकमेकांचे सोयरे होते काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.