चार प्रकारांत न मावलेले राउटर

व्हिडिओ कॉल लागतो, रिंग वाजते, समोरचा उचलतो आणि पडदा काळाच राहतो. तोच कॉल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून केला की चेहरा लगेच दिसतो. आपण मात्र कॅमेऱ्याला, ॲपला नाहीतर नेटच्या स्पीडला शिव्या घालतो. रिंग वाजते, कारण तो निरोप मधल्या सर्व्हरमार्फत जातो. चित्र आणि आवाज थेट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायला बघतात आणि वाटेतल्या राउटरपाशी अडतात. या अडचणीवर इंटरनेटच्या अभियंत्यांनी २००३ साली एक उत्तर दिलं आणि २००८ मध्ये ते पुरेसं चालत नाही असं स्वतःच लिहून ठेवलं. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ही गोष्ट जरा सविस्तर बघावी.

१९८१ च्या प्रमाणकात आयपी पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे फार तर ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागलं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये नॅट मांडलं: आत खासगी पत्ते वापरायचे आणि पॅकेट बाहेर पडताना पत्ता बदलायचा. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात छापले जातात ती क्रमांकित कागदपत्रं.) हा उपाय तात्पुरता आहे, त्याचे तोटे आहेत, हे लेखकांनी तिथेच सांगितलं होतं. पुढे पत्त्याबरोबर पोर्ट नंबरही बदलायची पद्धत रुळली आणि अख्खं घर एका पत्त्यावर चालू लागलं. तात्पुरतं म्हणून आलेलं नॅट अजून आपल्या घरात आहे!

नॅटची वही सोसायटीच्या वॉचमनसारखी असते. आतून कोण बाहेर गेलं याची नोंद असेल तरच उत्तर घेऊन येणाऱ्याला आत सोडायचं. वेबसाइट बघताना हे छान चालतं, कारण सुरुवात नेहमी आपणच करतो. पण दोन मित्र दोन वेगवेगळ्या नॅटच्या मागे असतील, तर सुरुवात कोणी करायची? शिवाय १९९६ चं एच.३२३ किंवा नंतरचं सिप यांसारखे प्रोटोकॉल निरोपाच्या आतच आपला पत्ता लिहितात. तो पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी असला, तर बाहेरच्याला त्याचा उपयोग शून्य.

मार्च २००३ मध्ये आरएफसी ३४८९ आला आणि स्टन जन्माला आलं. कल्पना साधी: बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं, 'मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतोय?' त्याचं उत्तर मित्राला कळवायचं. त्याबरोबर नॅटचे चार प्रकारही पाडले होते: फुल कोन, रिस्ट्रिक्टेड कोन, पोर्ट रिस्ट्रिक्टेड कोन आणि सिमेट्रिक. प्रकार कळला की पुढे काय करायचं ते ठरवता येईल, ही अपेक्षा. यातला सिमेट्रिक सगळ्यात त्रासदायक, कारण तो प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट देतो. मग सर्व्हरने सांगितलेला पोर्ट मित्राच्या कामाचा राहत नाही.

वर्गीकरण कागदावर सुरेख होतं, पण राउटर बनवणाऱ्यांनी ते वाचून राउटर बनवले नव्हते. काही खोकी दोन प्रकारांच्या मधली निघाली. काही एरवी एकसारखी वागायची, पण आतल्या दोन यंत्रांनी एकच पोर्ट मागितला की वागणूक बदलायची. म्हणजे चाचणी घेताना दिसलेला प्रकार कॉलच्या वेळी टिकेलच असं नाही. ब्रायन फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या निबंधात तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्के नॅटमधून यूडीपीने थेट वाट काढता आली, टीसीपीने सुमारे ६४ टक्क्यांमधून. हा आकडा मला आशादायक वाटत नाही. उरलेल्या १८ टक्क्यांतला माणूस ॲप उडवून टाकतो.

२००७ च्या आरएफसी ४७८७ ने ते चार शब्द बाजूला ठेवले आणि नॅट पोर्ट कसा देतो व कोणाला आत सोडतो हे दोन प्रश्न वेगळे केले. २००८ च्या आरएफसी ५३८९ मध्ये स्टनचं पूर्ण नावच बदललं. आधी ते 'सिंपल ट्रॅव्हर्सल' होतं, आता नॅट ओलांडण्याच्या 'युटिलिटीज', म्हणजे मोठ्या पेटीतलं एक अवजार. लघुरूप तेच ठेवलं. (नाव न बदलता माघार घ्यायची ही पद्धत मला फार आवडते.)

ती मोठी पेटी म्हणजे एप्रिल २०१० चं आइस. त्यात राउटरचा प्रकार ओळखायचाच नाही. आपला खासगी पत्ता, स्टनने सांगितलेला पत्ता आणि टर्न नावाच्या मधल्या सर्व्हरवरचा पत्ता असे सगळे पर्याय गोळा करायचे, समोरच्याला द्यायचे आणि जोड्या लावून प्रत्यक्ष तपासायच्या. जी जोडी चालेल ती खरी. टर्नमधून सगळं चित्र सर्व्हरवरून जातं, त्याचा खर्च कोणीतरी भरतो, म्हणून तो शेवटचा पर्याय. ब्राउझरमधलं वेबआरटीसी आजही याच रीतीने चालतं.

फायरवॉलचं प्रकरण वेगळं. नॅट नकळत अडवतं, फायरवॉल ठरवून. संस्थेने यूडीपीच बंद केलं असेल तर वाट एकच उरते: टर्न, तेही टीएलएसवरून ४४३ पोर्टने, जो वेबसाइटसाठी उघडा असतोच. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना यात खलनायक करू नका, अनोळखी यूडीपीची भीती त्यांना उगाच वाटत नाही.

तुमचा कॉल अडला तर क्रोममधलं वेबआरटीसी-इंटर्नल्स पान उघडून पर्यायांची यादी बघा. फक्त 'होस्ट' दिसत असेल तर स्टनचं उत्तर पोहोचलेलं नाही, म्हणजे बहुधा यूडीपी बंद आहे. 'एसआरएफएलएक्स' दिसतंय पण एकही जोडी जुळत नाही, तर टर्न हवा. 'रिले' नसेल तर टर्न सर्व्हर किंवा त्याचा पासवर्ड तपासा. मग ॲडमिनकडे जाऊन 'व्हिडिओ चालत नाही' म्हणू नका, 'यूडीपी ३४७८ बाहेर जातोय का' असं विचारा.

आणि वेळ मिळाला तर आरएफसी ३४८९ आणि ५३८९ शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकदा छापलेला आरएफसी बदलत नाहीत, नवा काढतात, त्यामुळे जुनी चूक जागच्या जागी सापडते. ५३८९ चा दुसरा विभाग याच फरकावर आहे. अर्थात बोलण्यातून जुने शब्द गेलेले नाहीत. कॉल अडला की आजही कोणीतरी म्हणतंच, 'सिमेट्रिक नॅट असेल'.